येणेगूरची जोडणी

उमरग्यात इंटरनेट बंद पडलं की लोक शांतलिंगअण्णांच्या दुकानाच्या शटरकडं बघत. शटर अर्धं खाली दिसलं, की अण्णा हायवेला गेलेत आणि केबल तुटलीय, असं समजायचं. रस्त्याचं रुंदीकरण सुरू झाल्यापासून ते शटर बहुतेक वेळा अर्धं खालीच असायचं.

हर्षाली त्यांच्याकडं नेटवर्कचं काम बघायची. मूळची सास्तूरची. हैदराबादला एका मोठ्या कंपनीत तिनं हेच काम काही वर्षं केलं होतं. आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ती सुट्टी काढून आली, आणि आई चालायला लागली तरी परत गेली नाही. का गेली नाही, हे तिला नीट सांगता आलं नसतं. हैदराबादला ती शेकडो यंत्रं सांभाळायची, पण त्यातलं एकही तिनं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. इथं अण्णांच्या दुकानामागच्या खोलीत एक मोठा राऊटर होता, त्याच्या पंख्याचा आवाज ऐकू यायचा, आणि तो बंद पडला तर कुणाच्या घरी काय अडतं हे दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात कळायचं.

अण्णांची केबल हुमनाबादकडून यायची, तुरोरीवरून. तेवढी एकच वाट. ती तुटली की सगळं गाव बसायचं.

एका दुपारी तुरोरीजवळ जेसीबीनं ती पुन्हा ओढून काढली. अण्णा नेहमीसारखे शटर अर्धं ओढून, जोडणीचं सामान गाडीवर बांधून, केबल जोडणाऱ्या माणसाला घेऊन निघून गेले. त्याच दुपारी गावातल्या एका दवाखान्यात एक ट्रक ड्रायव्हर आणला होता. ढाब्यावर जेवता जेवता त्याचा घास हातातून पडला होता आणि तोंड वाकडं झालं होतं. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले. ते सोलापूरच्या तज्ज्ञांना दाखवायचे आणि मग इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरवायचं, अशी त्यांची पद्धत होती. फोटो जाईनात. मोबाईलच्या नेटवरून पाठवून बघितले, पण केबल तुटल्यामुळं सगळं गाव त्याच नेटवर तुटून पडलं होतं. शेवटी माणसाला ॲम्ब्युलन्समध्ये घालून सोलापूरला पाठवलं.

हे अण्णांना पुढच्या आठवड्यात कळलं. डॉक्टर दुकानात सहज आले होते. बोलता बोलता म्हणाले, "माणूस वाचला अण्णा. पण उजवा हात गेला. स्टिअरिंग धरायचा हात."

अण्णांनी विचारलं, "फोटो वेळेवर गेले असते तर?"

"तसं छातीठोक सांगता येत न्हाई. कदाचित तरीही गेला असता. तुमचा दोष हाय असं म्या म्हणत न्हाई."

डॉक्टर गेले. अण्णा बराच वेळ काउंटरवरची धूळ फडक्यानं पुसत राहिले. ती कधीच निघून गेली होती. मग न वळताच म्हणाले, "हर्षाली, दुसरी वाट पायजे. एक तुटली तर दुसरीनं जायला पायजे. आपोआप. म्या तुरोरीला पोचायच्या आधी."

"करता येतंय अण्णा."

"मग इतके दिवस बोलली का न्हाईस?"

दुसरी वाट कुठं आहे हे हर्षालीला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, आणि तिच्याविषयी का बोलायचं नाही हेही तेव्हाच कळलं होतं. "दुसरी वाट नळदुर्गला हाय, अण्णा," ती म्हणाली.

अण्णांनी फडकं झटकलं आणि आत निघून गेले.

नळदुर्गात रामकिसन होते. त्यांचा धंदाही हाच. त्यांची केबल सोलापूरकडून यायची. हुमनाबादकडं खणलं तर त्यांना फरक पडायचा नाही, आणि सोलापूरकडं खणलं तर अण्णांना नाही. रामकिसनांच्या गिऱ्हाइकांचं शेवटचं टोक येणेगूरला होतं. अण्णांचंही शेवटचं टोक येणेगूरलाच होतं. दोन्ही टोकांच्या मधे हायवे आणि एक चहाचं हॉटेल, एवढंच अंतर.

टीव्हीच्या केबलच्या काळात दोघांनी मिळून धंदा सुरू केला होता. एकाच मोटरसायकलवर वायरीचं भेंडोळं घेऊन दोघं गावोगाव हिंडलेले. नंतर धंदे वेगळे झाले, पण भांडण नव्हतं. मग एका उन्हाळ्यात येणेगूरजवळ अण्णांची केबल कुणीतरी करवतीनं कापली. एकदा नाही, जोडली की पुन्हा. अण्णा ठाण्यात गेले आणि कुणावर संशय आहे असं विचारल्यावर त्यांनी रामकिसनचं नाव घेतलं. रामकिसनांना बोलावून दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. बाजाराचा दिवस होता. येणारा-जाणारा बघत होता. सिद्ध काहीच झालं नाही. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. एकाच लग्नात गेले तरी एक जेवून उठेपर्यंत दुसरा मांडवाबाहेर थांबायचा.

दोन दिवसांनी अण्णा हर्षालीला म्हणाले, "जाऊन ये नळदुर्गला. माझं नाव काढावंच लागलं तर काढ."

रामकिसनांचं ऑफिस बसस्थानकाच्या मागं होतं. दणकट माणूस, पांढरा सदरा, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि ती कुणाकडून आलीय हे कळल्यावर चहा येईपर्यंत टेबलावरचे कागद लावत बसले.

हर्षालीनं समजावून सांगितलं. आतापर्यंत उमरग्याच्या राऊटरला एकच ओळ माहीत होती, जे बाहेर जायचं ते हुमनाबादकडं. अण्णांनी स्वतः लिहिलेली. वाट तुटली तरी राऊटर तिकडंच ढकलत राहायचा, आटलेल्या विहिरीत पोहरा सोडत राहावा तसा. नळदुर्गच्या राऊटरचंही तेच. आता दोन्ही राऊटर एकमेकांशी बोलते करायचे. माझ्याकडून अमक्या ठिकाणी जाता येतं, हे ते एकमेकांना सांगत राहतील. एकाची स्वतःची वाट बंद झाली की तो दुसऱ्याच्या वाटेनं पाठवायला लागेल. वाट सुरू झाली की परत आपल्या आपण.

"आणि एरवी?" रामकिसनांनी विचारलं.

"एरवी एक कणभरही तुमच्या लाईनवरून जाणार न्हाय. तसा नियम घालायचा असतो. आपली वाट जिवंत असेपर्यंत शेजाऱ्याची वापरायची न्हाय."

"शेजारी म्हणतात व्हय त्याला?"

"त्या भाषेत तोच शब्द हाय काका."

रामकिसनांनी चष्मा काढून पुसला. त्यांचीही लाईन महिन्यातून दोनदा तुटत होती, ढाब्यांवर पैसे द्यायचे क्यूआर चौकोन चालत नव्हते, लोक त्यांनाही बोलत होते. "करा," ते म्हणाले. "पण मला त्यांच्याशी बोलायला लावू नका."

"यंत्रं बोलतील," हर्षाली म्हणाली.

येणेगूरला रस्त्याखालच्या नळीतून दोन्ही टोकं ओढून जोडून घेतली. मग एका सकाळी उमरग्यात बसून तिनं दोन्ही राऊटरवर ओळी लिहिल्या. इकडच्या राऊटरवर तिकडचा नंबर, तिकडच्यावर इकडचा. एकानंच लिहून भागत नाही. दोघांनी एकमेकांची नोंद केली नाही तर दोन्ही राऊटर समोरासमोर गप्प बसून राहतात. हैदराबादला तिनं असे कितीतरी शेजार जुळवले होते. पलीकडचा माणूस कोण, हे तिला तिथं कधी कळलंही नव्हतं. इथं जोडणी झाली, दोन्हीकडं हिरवा दिवा आला, आणि तिला बरं वाटलं.

दुपारपर्यंतच.

जेवणानंतर नळदुर्गात नेट मंदावू लागलं. मग जवळजवळ थांबलं. रामकिसनांचे फोन वाजत सुटले. त्यांच्या माणसानं, शिवपुत्रनं, मोजून बघितलं, तर उमरग्याचं सगळंच्या सगळं ओझं त्यांच्या सोलापूरच्या लाईनवरून चाललं होतं. रामकिसनांनी पुढचं काही ऐकून घेतलं नाही. स्वतःच्या हातानं येणेगूरची केबल राऊटरमधून उपटून काढली आणि हर्षालीला फोन केला.

"हाच डाव होता व्हय तुमच्या अण्णाचा? माझ्या लाईनवर गाव चालवायचं? सांगा त्याला, बाकावर बसलेला माणूस इसरत नसतोय!"

फोन बंद झाला. हर्षालीनं लगेच ओळी तपासायला घेतल्या. फार शोधावं लागलं नाही. नियम तिनं लिहिला होता, अगदी बरोबर लिहिला होता. पण उमरग्याच्या राऊटरवर तो त्या शेजाऱ्याला लावायचाच राहिला होता. दारावर कुलूप आणून ठेवावं आणि कडीत घालायचं विसरावं, तसं. राऊटरला दोन वाटा दिसल्या, सोलापूरची जवळची वाटली आणि त्यानं सगळं तिकडं लोटलं.

अण्णा तिच्या मागं उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

"माझी चूक हाय अण्णा."

"तो मानणार न्हाय. त्याला वाटणार, म्याच सांगितलं तुला असं करायला."

"तरी उद्या जाऊन सांगते."

"फोनवर सांग की. कशाला शिव्या खायला जातीस?"

"फोनवर कुणाचंबी खरं वाटत न्हाय."

रात्रभर तिला नीट झोप लागली नाही. चूक ही नेहमीची गोष्ट होती. हैदराबादलाही व्हायची. तिथं चूक झाली की एक अहवाल लिहायचा, त्यात कुणाचंच नाव नसायचं, आणि सगळं विरघळून जायचं. इथं ती चूक एका माणसाच्या जुन्या जखमेवर जाऊन पडली होती. आणि तिच्या एका न लावलेल्या ओळीचा जाब अण्णांना विचारला गेला होता.

सकाळी ती नळदुर्गला पोचली तेव्हा रामकिसन शटर उघडत होते. तिला बघून त्यांनी चेहरा फिरवला, पण बसू नका असंही म्हटलं नाही. तिनं लॅपटॉप उघडून दोन ओळी दाखवल्या.

"हा नियम म्या लिहिलेला. आणि इथं तो लावायला पायजे होता. लावला न्हाय. अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. माझ्यामुळं तुमची दुपार गेली."

रामकिसनांनी वाकून बघितलं. त्यांना सगळंच कळलं असं नाही, पण एक जागा रिकामी आहे एवढं दिसलं. ते खुर्चीत मागं टेकले.

"एवढ्यासाठी उमरग्याहून आलात?"

"व्हय."

"त्यानं पाठवलं?"

"ते नको म्हणत होते."

रामकिसनांना थोडं हसू आलं, आणि ते त्यांनी लगेच आवरलं. मग म्हणाले, "पुन्हा करायचं असंल तर माझी एक अट हाय. माझ्या यंत्रावर काय लिहिणार ते म्या वाचणार. आणि त्याच्या यंत्रावर काय लिहिलंय तेबी वाचणार. त्याच्यासमोर."

हर्षालीला वाटलं, इथंच संपलं. अण्णांनी आपल्या राऊटरचा पासवर्ड स्वतःच्या पोरालाही कधी सांगितला नव्हता. उमरग्याला परतल्यावर तिनं अट सांगितली तेव्हा अण्णा पेढीवर विभूतीची डबी उघडून बसले होते. त्यांनी बोट कपाळावरून फिरवलं, डबी बंद केली.

"त्याच्या ऑफिसात म्या जाणार न्हाय," ते म्हणाले. "आणि तो इकडं येणार न्हाय."

"येणेगूर मधी पडतंय."

"हॉटेलात बसून? लोकांसमोर?"

"लोकांना काय कळतंय अण्णा? त्यांना वाटंल, दोघं मोबाईल बघत बसलेत."

अण्णा हो म्हणाले नाहीत. पण ठरल्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि तिच्या आधी गाडीवर जाऊन बसले.

येणेगूरच्या त्या हॉटेलात दुपारी गर्दी नसते. बाहेरच्या बाकड्यावर रामकिसन आधीच बसले होते, उपटलेली केबल राऊटरला परत लावून आलेला शिवपुत्र त्यांच्याजवळ उभा होता. अण्णा गाडीवरून उतरले. कुणीच नमस्कार केला नाही. हर्षालीनं टेबल मधे ओढलं, लॅपटॉप ठेवला आणि दोघांना दिसेल असा फिरवला. डावीकडं उमरगा, उजवीकडं नळदुर्ग.

"आता म्या एकेक ओळ वाचते. पटली तर व्हय म्हणा. दोघं व्हय म्हणल्याशिवाय पुढं जाणार न्हाय."

तिनं वाचायला सुरुवात केली. पहिल्या काही ओळींना दोघंही तिच्याकडं बघूनच व्हय म्हणत होते. रामकिसन म्हणाले, "त्यांना विचारा, त्यांची लाईन बंद पडली तर माझ्याकडं किती लोटणार?" अण्णा म्हणाले, "त्यांना सांग, त्यांच्या लाईनच्या निम्म्याच्या वर न्हाय. दवाखाने आणि बँका आधी." हर्षाली दोघांच्या मधे बसून दोघांनाही ऐकू येत असलेलं पुन्हा सांगत राहिली. हॉटेलवाला चहा ठेवून गेला. कुणी घेतला नाही.

मग ती नियमाच्या ओळीपाशी आली. या वेळी तो लावला, आणि दोघांना दाखवला. रामकिसनांनी चष्मा वर करून डोळे जवळ नेले. अण्णाही वाकले. दोघांची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ आली.

"आता दोन्ही राऊटर एकमेकांना शोधतील," हर्षाली म्हणाली. "थोडा वेळ लागतोय."

पडद्यावर एक शब्द होता, जोडणी अजून झाली नाही असं सांगणारा. तो बदलत नव्हता. हायवेवरून एक लांबलचक ट्रेलर गेला आणि टेबलावरचे पेले खणखणले.

रामकिसन पडद्याकडं बघतच म्हणाले, "म्या तोडली नव्हती."

हर्षाली हलली नाही. कीबोर्डवरचे हातही तिनं तसेच ठेवले.

अण्णा बोलले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "मला ठाऊक न्हाय, रामकिसन. तेव्हाबी नव्हतं, आताबी न्हाय. खोटं कशाला बोलू? पण ठाऊक नसताना नाव घेतलं. ते घ्यायला नको होतं."

"बाजाराचा दिवस होता."

"व्हय."

"माझा बाप आला होता बाजाराला. बघून तसाच माघारी गेला. घरी कधी इषय काढला न्हाय त्यानं. मरेपर्यंत न्हाय काढला."

अण्णांनी मान खाली घातली. हर्षालीला वाटलं, आता रामकिसन उठतील. ते उठले नाहीत. पडद्यावरचा शब्द बदलला होता.

"झाली का?" अण्णांनी विचारलं.

"झाली. पण बघायला पायजे. अण्णा, तुमची हुमनाबादची लाईन मुद्दाम बंद करावी लागंल. तुम्ही बटन दाबा."

अण्णांचं बोट पुढं गेलं आणि थांबलं. जी वाट सांभाळायला त्यांनी इतकी वर्षं उन्हातान्हात धाव घेतली होती, ती आपल्या हातानं बंद करायची. त्यांना ते जमेना.

"दाब की," रामकिसन म्हणाले. "अरे दाब! माझी लाईन हाय की मागं."

ते 'तू' म्हणून बोलले होते. त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. अण्णांनी बटन दाबलं. उमरग्याच्या बाजूचे आकडे धाडकन खाली आले, शून्याला टेकले. मग एकेक करून आकडे वर चढू लागले, दुसऱ्या बाजूनं. शिवपुत्र मोबाईलवर बघून म्हणाला, "आपल्यावरनं चाललंय काका. निम्म्याच्या आतच हाय." हर्षालीनं दुकानात फोन करून विचारलं, तिथं नेट गेलं होतं हेच कुणाला कळलं नव्हतं.

मग त्यांनी उलटं करून बघितलं. नळदुर्गची लाईन बंद, उमरग्यावरून चालू. या वेळी बटन रामकिसनांनी दाबलं, आणि थांबले नाहीत.

चहा गार झाला होता. हॉटेलवाल्यानं दुसरा आणला. तो मात्र सगळ्यांनी घेतला. निघताना दोघांनी एकमेकांचा मोबाईल नंबर घेतला, हर्षालीमार्फत.

त्यानंतर दोघं पुन्हा मित्र झाले असं म्हणता येणार नाही. लग्नाच्या मांडवात ते एका पंगतीला बसत नव्हते. पण एक उठेपर्यंत दुसरा बाहेर थांबत नव्हता.

सोयाबीन निघायच्या सुमाराला तुरोरीजवळ पुन्हा केबल तुटली. त्या दिवशी अण्णांचं शटर पूर्ण उघडं होतं. हर्षालीच्या पडद्यावर ओळ आली, ओझं नळदुर्गकडं वळलं, आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पोरांचे अर्ज भरायचं काम तसंच चालू राहिलं. अण्णांनी सवयीनं गाडीची किल्ली उचलली, मग खाली ठेवली. त्यांना काय करावं ते सुचेना. उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. इतक्या वर्षांत केबल तुटल्यावर ते कधी दुकानात थांबले नव्हते.

मग त्यांनी फोन लावला. हर्षालीला वाटलं, हुमनाबादला लावला असेल.

"रामकिसन, शांतलिंग बोलतोय. तुमच्या वाटेनं चाललंय आमचं. तुरोरीला तुटलीय."

पलीकडचं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं.

"न्हाय, जोडणारा माणूस न्हाय आज. तो गुलबर्ग्याला गेलाय, बहिणीकडं. उद्या येईल... आज? शिवपुत्र?... बरं. जोडायची मशीनबी हाय का त्याच्याकडं?... बरं. बरं."

फोन ठेवून अण्णा तिच्याकडं वळले. "शिवपुत्रला पाठवतोय म्हणाला. मशीन घेऊन."

"मग तुम्ही जायची गरज न्हाय अण्णा."

"त्याला तुरोरीची जागा कुठं ठाऊक हाय? दाखवाया पायजे."

शिवपुत्र आला तेव्हा अण्णा रस्त्यावर येऊन उभे होते. त्यांनी मशीनची पेटी स्वतः उचलून गाडीवर ठेवली आणि निघायच्या आधी त्याला विचारलं, "जेवलास का?"

"न्हाय. काका म्हणाले, आधी काम करून ये."

"काकांना म्हणू दे. आधी जेव. नेट चालूच हाय."

आणि ते त्याला घेऊन घराकडं वळले.